२५६ उघडे कंस : माइनक्राफ्टमधल्या एका संगणकाचं प्रकरण

पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बीई कम्प्युटरच्या चार मुलामुलींनी प्रोजेक्ट म्हणून माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या व्हिडिओ गेमच्या आत एक संगणक बांधला. सातव्या सेमिस्टरच्या शेवटी, स्टेज वनच्या वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, रिपोर्टमधल्या एका वाक्यावर एक्सटर्नल सर (बाहेरचे परीक्षक) अडून बसले. वाक्य एवढंच होतं : ‘सदर संगणक ट्युरिंग-कम्प्लीट आहे.’ म्हणजे मेमरी आणि वेळ हवा तेवढा दिला तर कुठल्याही संगणकाला जमणारा हिशेब यालाही जमतो. सर म्हणाले, हे वाक्य खोडा, नाहीतर मला सिद्ध करून दाखवा. ग्रुपचं म्हणणं, यात सिद्ध काय करायचं? बेरीज-वजाबाकी आहे, अटीवर उडी आहे, मेमरी आहे, झालं की. त्या दिवशी वाद मिटला नाही. गाइड मॅडमनी तो माझ्यापुढे आणला, कारण विभागात थिअरी ऑफ कम्प्युटेशन, म्हणजे मुलांच्या भाषेत टीओसी, मी शिकवते.

हा वाद आमच्या विषयात दरवर्षी कुठल्या ना कुठल्या रूपात निघतो. बहुतेक वेळा ‘तत्त्वतः नाही, पण व्यवहारात हो’ अशी तडजोड होते आणि सगळे चहाला जातात. मला ही तडजोड पटत नाही. या प्रश्नाला ठाम उत्तर आहे आणि ते संगणकाच्या वायरिंगवर बोट ठेवून दाखवता येतं. या ग्रुपने ते शेवटी दाखवलं, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते आहे.

यंत्र

माइनक्राफ्टमध्ये रेडस्टोन नावाची भुकटी असते. जमिनीवर तिची रेघ ओढली की ती सिग्नल वाहून नेते, पण १५ ठोकळ्यांपर्यंतच. त्यापुढे न्यायचा तर मध्ये रिपीटर लावावा लागतो आणि प्रत्येक रिपीटर निदान ०.१ सेकंद खातो. लॉजिकचा सर्वांत लहान तुकडा म्हणजे गेट; ते तयार होतं टॉर्चपासून. ज्या ठोकळ्याला रेडस्टोन टॉर्च लावलेला असतो त्या ठोकळ्यात सिग्नल आला की टॉर्च विझतो. हे झालं नॉट गेट. त्याच ठोकळ्यात दोन रेघा आणून सोडल्या की नॉर गेट : दोन्ही रेघा बंद असतील तरच टॉर्च पेटतो. आणि नॉर मिळालं की बाकीचं सगळं लॉजिक त्यातून बांधता येतं. अपोलो यानाचा मार्गदर्शक संगणक नॉर गेटांवरच चालला होता. एक बिट साठवण्याची सोय तर त्याहून सोपी आहे : रिपीटरला बाजूने दुसऱ्या रिपीटरने सिग्नल दिला की पहिला लॉक होतो आणि त्या क्षणी चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद, असा धरून बसतो.

एवढ्या भांडवलावर ग्रुपने आठ-बिटी अ‍ॅक्युम्युलेटर (चालू आकडा धरणारी जागा), एएलयू (बेरीज-वजाबाकी करणारा भाग), ६४ बाइट रॅम (बदलती मेमरी) आणि प्रोग्रामसाठी टॉर्चची रॉम (न बदलणारी मेमरी) उभी केली. एका सूचनेला साधारण तीन सेकंद लागत. बांधकाम देखणं होतं. डेटा बस (आकडे नेणाऱ्या रेघा) निळ्या लोकरीच्या ठोकळ्यांवर, अ‍ॅड्रेस बस (मेमरीतला पत्ता नेणाऱ्या रेघा) पिवळ्या, कंट्रोलच्या रेघा लाल. कुठे बिघाड झाला की रंगावरून माग काढता येई. हार्डवेअर सांभाळणाऱ्या मुलीने एएलयूतली कॅरी साखळी (हातचा पुढे नेणारी) इतकी आटोपशीर बसवली होती की मी ती सेमिस्टरच्या वर्गाला दाखवायला मागून घेतली.

डेमोसाठी त्यांनी कंस जुळवण्याचा प्रोग्राम निवडला होता. दिलेल्या ओळीतला प्रत्येक उघडा कंस त्याच्या बंद कंसाशी जुळतो का, एवढंच सांगायचं. इनपुटची युक्ती छान होती : एका चेस्टमध्ये (पेटीत) दगड म्हणजे उघडा कंस आणि विटा म्हणजे बंद कंस. हॉपर नावाचं नरसाळं चेस्टच्या पहिल्या कप्प्यापासून एकेक वस्तू ओढतं, गाळणी ती ओळखते आणि प्रोसेसरला कळवते. प्रोग्राम एका बाइटमध्ये मोजणी ठेवतो. दगड आला की एक मिळवा, वीट आली की एक वजा करा. शून्य असताना वीट आली तर लाल दिवा. चेस्ट रिकामी झाल्यावर मोजणी शून्य असेल तर हिरवा, नसेल तर लाल.

चाचणी

एक्सटर्नल सरांनी प्रोग्रामची यादी वाचली, मोजणी एका बाइटमध्ये आहे हे पाहिलं आणि म्हणाले, “चेस्टमध्ये दगडाचे चार स्टॅक ठेवा. वीट एकही नको.”

एका स्टॅकमध्ये ६४ दगड मावतात. चार स्टॅक म्हणजे २५६ उघडे कंस, बंद एकही नाही. उत्तर लाल यायला हवं, हे पाचवीतलं मूलही सांगेल.

एका कंसामागे पाचेक सूचना, म्हणजे पंधरा सेकंद. सगळं मिळून तासाभराचं काम. सरांनी लॅपटॉप तसाच चालू ठेवायला सांगितला आणि पुढच्या ग्रुपांचा वायवा घ्यायला बसले. मोजणीचे आठ दिवे बाजूच्या भिंतीवर दिसत होते. शेवटाकडे ग्रुप आणि आणखी बरीच मुलं स्क्रीनभोवती जमली. २५५ व्या दगडाला आठही दिवे पेटले. पुढचा दगड पडला आणि आठही विझले. चेस्ट रिकामी झाली, प्रोग्रामने मोजणी तपासली, ती शून्य होती, आणि हिरवा दिवा लागला.

सरांनी रिपोर्टवर लिहिलं : ‘हे फायनाइट ऑटोमॅटन आहे. दावा अमान्य.’ फायनाइट ऑटोमॅटन म्हणजे मोजक्याच अवस्थांमध्ये फिरणारं यंत्र.

दोन बाजू

ग्रुपने त्याच रात्री मोजणी दोन बाइटची केली. आता मर्यादा ६५,५३५. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले ते हे घेऊन, आणि सोबत एक युक्तिवाद : “मॅडम, मेमरी संपली तर कुठलाही संगणक चुकेल. मग सरांचा स्वतःचा लॅपटॉपही ट्युरिंग-कम्प्लीट नाही म्हणायचं का?”

हा युक्तिवाद हलका नाही. ट्युरिंग यांनी १९३६ साली जे यंत्र कल्पिलं त्याची टेप, म्हणजे चौकटी पाडलेली लिहिण्याची पट्टी, कधी संपत नाही. प्रत्यक्षात बांधलेल्या कुठल्याही संगणकाची मेमरी मात्र मोजकी असते आणि मेमरी मोजकी म्हणजे अवस्था मोजक्या. मुलांच्या रॅममध्ये ५१२ बिट होते; त्यांच्या मांडण्या २ चा ५१२ वा घात, म्हणजे १५५ अंकी संख्या. प्रोसेसरमधले बिट धरले तर आणखी मोठी, पण आहे एक संख्याच. बाहेरून नवं इनपुट येत नसेल तर इतक्या पायऱ्यांत यंत्र एक तर थांबेल, नाहीतर आधीची एखादी अवस्था पुन्हा येईल आणि मग ते कायम त्याच फेऱ्यात फिरत राहील. म्हणून अशा यंत्राबाबत ‘हा प्रोग्राम थांबेल का’ या प्रश्नाला उत्तर काढता येतं : तेवढ्या पायऱ्या मोजा आणि बघा. ट्युरिंग यंत्राबाबत असं सर्वांना लागू पडणारं उत्तर काढण्याची रीतच नाही, हे ट्युरिंग यांनी सिद्ध केलं. हा फरक कागदावरचा नाही, दोन्ही प्रकारच्या यंत्रांच्या स्वभावातला आहे. सरांच्या बाजूने मी एवढं ठामपणे म्हणेन. या निकषाने सी-डॅकने १९९१ साली पुण्यात उभा केलेला परम ८००० हा महासंगणक सुद्धा फायनाइट ऑटोमॅटनच ठरतो, आणि ते खरंच आहे.

पण इथे थांबलं तर विषयातलं मर्म हातून निसटतं. पायऱ्या मोजायच्या तर किती वेळ लागेल, हे मुलांना फळ्यावर करायला लावलं. तीन सेकंदांची एक पायरी धरली तर १६ बिटांच्या यंत्राच्या सगळ्या अवस्था सव्वादोन दिवसांच्या आसपास संपतात. ६४ बिटांच्या यंत्राला पावणेदोन लाख कोटी वर्षं लागतात. विश्वाचं वय त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. ५१२ बिटांचं गणित फळ्यावर मांडण्यात अर्थच नव्हता. म्हणजे ‘अवस्था मोजक्या आहेत’ हे विधान खरं असूनही त्या यंत्राने काय करावं, ते कसं रचावं, कुठे चुकेल, यातलं काहीच त्यातून कळत नाही. सर बरोबर होते आणि त्यांच्या निकषाने परम ८००० आणि गिरणीच्या मोटरचा टायमर एका रांगेत बसत होते.

मग बघायचं काय? मी मुलांना सांगितलं, ट्युरिंग यांचा निबंध उघडा. त्यात गणित करणारा माणूस आहे आणि त्याचा कागद लहान मुलांच्या अंकगणिताच्या वहीसारखा चौकटी पाडलेला आहे. आपल्याकडे पहिलीच्या मुलाला चौकटीची वही देतात, तीच. मोठा गुणाकार करताना वही संपली तर मूल काय करतं? आप्पा बळवंत चौकातून दुसरी वही आणून पुढे चालू. हातचा धरण्याची रीत बदलत नाही, आधी लिहिलेलं पुन्हा लिहावं लागत नाही, मुलाचं डोकं मोठं करावं लागत नाही. वही कितीही जाडीची असू दे, तरी संपणारच; पण रीतीमध्ये तिच्या जाडीचा उल्लेख कुठेही नाही.

माझा निकष हाच आहे. मेमरी संपली तेव्हा कुणाला काय बदलावं लागलं, ते बघा. नुसत्या कोऱ्या चौकटी जोडून काम पुढे गेलं, तर ती रचना ट्युरिंग यंत्राची आहे, आज तिच्याकडे टेप कमी असली तरी. प्रोग्राम किंवा प्रोसेसर उघडावा लागला, तर ती रचनाच मर्यादेत जखडलेली आहे, तिला कितीही रॅम द्या.

आता ग्रुपच्या यंत्राकडे बघा. एका बाइटचे दोन बाइट करताना त्यांनी काय बदललं? प्रोग्राम. तीन करायचे तर पुन्हा प्रोग्राम. असेंब्लर लिहिणारा मुलगा हुशार. तो म्हणाला, मोजणीची लांबीच व्हेरिएबल ठेवतो, पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरणारी जागा) पुढे सरकवत जातो, मग प्रोग्राम कायम राहील. बरोबर आहे. पण त्यांच्या अ‍ॅड्रेस बसवर पिवळ्या लोकरीच्या सहाच रेघा होत्या. सहा रेघांवर ६४ च पत्ते लिहिता येतात. पासष्टावा बाइट बांधून ठेवला तरी प्रोसेसरला त्याचं नाव घेता येत नाही. सातवी रेघ आणायची तर डिकोडर (पत्ता ओळखणारं सर्किट), पॉइंटरचा रजिस्टर आणि सूचनेची रुंदी, तिन्ही तोडून पुन्हा बांधायचं. माइनक्राफ्टचं जग अमर्याद असतं तरी हा संगणक ६४ बाइटचाच राहिला असता.

सी भाषेचं तसंच आहे, आणि हे वर्गात सांगितलं की मुलं चमकतात. कुठल्याही एका अंमलबजावणीत पॉइंटरची रुंदी ठरलेली असते. त्यामुळे प्रोग्रामला गाठता येणाऱ्या वस्तूही मोजक्याच. ६४ बिटांचा पॉइंटर आपल्याला पुरून उरतो, म्हणून ही मर्यादा आपल्या डोळ्यांआड राहते.

मर्यादा मोठी केल्याने चूक जात नाही, दिसेनाशी होते, हे एका मुलाच्या प्रश्नातून फार चांगलं उघड झालं. तो म्हणाला, आपण फॅक्टोरिओत (कारखाने उभारायचा दुसरा एक गेम) केलं असतं तर ही पाळी आली नसती. फॅक्टोरिओच्या सर्किट नेटवर्कमध्ये प्रत्येक सिग्नल ३२ बिटांची चिन्हांकित संख्या असते. डिसायडर कॉम्बिनेटर या अट तपासणाऱ्या भागाचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडलं की मेमरीची पेशी तयार. पण २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे एक मिळवलं की संख्या उलटून ऋण होते. खेळ सेकंदाला ६० टिक चालतो. दर टिकला एक मोजलं तर तिथवर पोचायला साधारण ४१४ दिवस लागतील. कुठला एक्सटर्नल तेवढा थांबणार? यंत्र वायवात पास झालं असतं आणि दावा तितकाच चुकीचा राहिला असता. मार्विन मिन्स्की यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की दोन मोजण्या आणि काही अटी एवढ्यावर ट्युरिंग यंत्राचं सगळं काम होतं. पण त्या मोजण्यांना वरची हद्द नाही, ही अट त्या सिद्धतेचा जीव आहे.

थिजलेले चंक

दुसरी रचना करायची ठरली तेव्हा मुलांनी आधी खेळाच्याच मर्यादा लिहून काढल्या. जग लांबी-रुंदीला प्रत्येकी सुमारे ६ कोटी ठोकळ्यांचं, १.१८ आवृत्तीपासून उंची ३८४. प्रत्येक ठोकळ्यात एक बिट बसवला, जे अशक्यच आहे, तरी पावणेदोन लाख टेराबाइटच्या वर जात नाही. त्याच्या कितीतरी आधी लॅपटॉपची एसएसडी भरेल, कारण जगाची फाइल शेवटी तिथेच साठते.

या दोन्ही मर्यादा फार दूरच्या होत्या. जवळची मर्यादा वेगळीच निघाली. माइनक्राफ्ट जगाचे १६×१६ चे चंक पाडतो आणि खेळाडूच्या आसपासचेच चंक चालवतो. सिम्युलेशन डिस्टन्स (किती चंक दूरपर्यंत चालवायचं ते) १० ठेवलं तर साधारण २१×२१ चंक, म्हणजे ३३६ ठोकळे रुंदीचा चौकोन. त्याबाहेर रेडस्टोन थिजतो. सिग्नल त्या सीमेवर पोचला की तिथेच अडकतो आणि यंत्र काही चूक दाखवत नाही, चुकीचं वाचतं. ६४ बाइटच्या रॅमची बस लांबवत नेली असती तर पलीकडचं टोक उत्तरच देऊ शकलं नसतं.

पण थिजलेला चंक विसरत नाही. लॉक झालेला रिपीटर तिथे तसाच असतो. खेळाडू जवळ गेला की खेळ तिथून पुढे सुरू होतो. ट्युरिंगच्या टेपला एका वेळी हेडखालची, म्हणजे वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखालची, एकच चौकट जागी लागते, बाकीच्यांनी फक्त लिहिलेलं जपायचं. सामायिक बस असलेल्या रॅमला जे मारक, ते टेपला चालतं. हे मुलांच्या लक्षात आलं तिथे प्रोजेक्टने वळण घेतलं, असं मी मानते.

दुसरं यंत्र

टेपवरून सरकणारं हेड बांधायचा विचार त्यांनी सोडला. पिस्टन एका वेळी १२ च ठोकळे ढकलतो, आणि रेडस्टोनची भुकटी व रिपीटर ढकलले की तुटतात. मग त्यांनी हेड सरकवण्याऐवजी ‘हेड इथे आहे’ हा सिग्नलच, म्हणजे टोकन, सरकवला. टेपची प्रत्येक चौकट म्हणजे एक मॉड्यूल, सगळी मॉड्यूलं हुबेहूब एकसारखी. प्रत्येकात दोन लॉक होणारे रिपीटर, म्हणजे चार चिन्हं : कोरं, उघडा कंस, बंद कंस, फुली. प्रत्येकात तेच लहानसं सर्किट, जे आलेली अवस्था आणि स्वतःचं चिन्ह पाहून काय लिहायचं आणि टोकन डावीकडे द्यायचं की उजवीकडे, ते ठरवतं. मॉड्यूलला दोन शेजारी ठाऊक, तिसरं कुणी नाही. पत्ता नाहीच.

कंस जुळवायला तीन अवस्था पुरतात. ‘उजवा शोध’ : बंद कंस सापडेपर्यंत उजवीकडे जा, सापडला की त्यावर फुली मारून ‘डावा शोध’ घ्या. ‘डावा शोध’ : उघडा कंस सापडला की फुली मारून पुन्हा ‘उजवा शोध’, कोरी चौकट आली तर लाल. ‘उजवा शोध’ घेताना कोरी चौकट आली तर ‘शेवटची तपासणी’ : डावीकडे परत या, वाटेत उघडा कंस दिसला तर लाल, कोऱ्या चौकटीपर्यंत फुल्याच दिसल्या तर हिरवा.

दोन उघडे आणि एक बंद, अशी तीन चिन्हांची ओळ घ्या. टोकन दोन उघडे कंस ओलांडून बंद कंसावर येतं, फुली मारतं. एक पाऊल डावीकडे, उघडा कंस, फुली. पुन्हा उजवीकडे, फुली, कोरं. तपासणी : फुली, फुली, आणि मग पहिला उघडा कंस अजून तसाच. लाल. यात मोजणी कुठेच नाही. किती कंस झाले हे कुठल्याही मॉड्यूलला माहीत नाही, म्हणून उलटण्यासारखी संख्याच नाही.

टोकन देण्याघेण्यात एक बारकावा आहे आणि त्यावर ग्रुपचे बरेच दिवस गेले. आधी टोकन क्षणभराची ठिणगी म्हणून पाठवत होते. चंकच्या सीमेवर ती हरवायची. मग त्यांनी नियम केला : शेजाऱ्याने ‘मिळालं’ असं उलट कळवल्याशिवाय मॉड्यूल आपलं टोकन सोडणार नाही. शेजारी थिजलेला असेल तर टोकन सीमेवर थांबून राहतं, खेळाडू पुढे चालत गेला की घेतलं जातं. आणि याच नियमाने आणखी एक गोष्ट फुकट मिळाली. शेवटच्या मॉड्यूलला पुढे शेजारीच नाही, त्यामुळे पोच येत नाही, टोकन तिथेच धरून ठेवलं जातं. त्या बाहेरच्या रेघेवर त्यांनी एक पिवळा दिवा लावला : टेप संपली.

पहिल्या यंत्रापेक्षा हे मला शंभर पटींनी मोलाचं वाटतं. पहिल्याची मेमरी संपली तेव्हा त्याने हिरवा दिवा लावून खोटं सांगितलं. याची संपते तेव्हा ते उत्तर देत नाही, थांबतं, आणि कुठे थांबलं ते जपून ठेवतं.

किंमत मात्र मोजावी लागते. २५६ उघडे कंस, बंद एकही नाही, ही सरांची चाचणी तेरा मिनिटांत लाल होते. पण १२८ उघडे आणि त्यामागे १२८ बंद दिले की टोकनला प्रत्येक जोडीसाठी मागे-पुढे जावं लागतं; सुमारे ३३ हजार पावलं, तीन सेकंदांनी एक, म्हणजे सत्तावीस तासांहून जास्त. मोजणी वापरणारं यंत्र हेच तासाभरात करतं. मुलांनी ही लांब धाव कर्वेनगरच्या फ्लॅटवर घेतली, पट्टी नागमोडी वळवून एकाच जाग्या चौकोनात बसवून. शुक्रवारी सुरू केली. गुरुवारी लाइट जाण्याचा धोका पुण्यात कोण पत्करेल? शनिवारी दुपारी हिरवा दिवा लागला तेव्हा चौघांपैकी कुणीतरी जागं होतंच.

स्टेज टू

आठव्या सेमिस्टरला एक्सटर्नल वेगळे आले. ग्रुपने त्यांना ४० मॉड्यूलांची पट्टी दाखवली, पहिली चौकट कोरी आणि उरलेल्या ३९ चिन्हांनी भरलेल्या. पिवळा दिवा लागला. हार्डवेअरवाल्या मुलीने शेवटच्या मॉड्यूलची नक्कल करून पुढे तीन कोरी मॉड्यूलं चिकटवली. टोकन आपणहून पुढे गेलं, परत आलं आणि योग्य उत्तर दिलं. जुन्या चाळिसांतला एकही ठोकळा हलला नव्हता, आणि हे त्यांनी आधीच्या व नंतरच्या फाइली ताडून दाखवलं.

सरांनी विचारलेला प्रश्न मात्र नेमका वर्मावर होता. “नवी मॉड्यूलं कोणी लावली? तुम्ही. मग टेप वाढवणारी तुम्ही झालात, खेळ नाही.”

हे खरं आहे. ट्युरिंग यांच्या व्याख्येत कोरा कागद कुठून येतो हे विचारलेलं नाही, तेव्हा ‘ही रचना ट्युरिंग-कम्प्लीट आहे’ या दाव्याला धक्का लागत नाही. पण ‘हा खेळ ट्युरिंग-कम्प्लीट आहे’ हा दावा वेगळा आणि जड आहे. तिथे खेळाच्या नियमांनीच टेप वाढली पाहिजे. जॉन कॉन्वे यांच्या गेम ऑफ लाइफमध्ये हेच घडलं. १९७० सालचा, चौकटींच्या पटावर ठरलेल्या नियमांनी आपोआप चालणारा तो खेळ. २००० साली पॉल रेंडेल यांनी त्यात ट्युरिंग यंत्र बांधलं, तेव्हा त्याची टेप ठरावीक लांबीची होती. पुढे त्यांनी टेप आपोआप वाढवत नेणारी रचना जोडली आणि मगच ते यंत्र पूर्ण अर्थाने सार्वत्रिक, म्हणजे इतर कुठल्याही ट्युरिंग यंत्राचं काम करू शकणारं, झालं. लाइफचा पट व्याख्येनेच अमर्याद आहे, माइनक्राफ्टचं जग नाही. शिवाय नुसत्या रेडस्टोनला नवा रिपीटर जमिनीवर बसवता येत नाही. कमांड ब्लॉकला, म्हणजे खेळाच्या आज्ञा चालवणाऱ्या ठोकळ्याला, तो बसवता येतो, क्लोनच्या (नक्कल करण्याच्या) आज्ञेने.

ग्रुपने तिथल्या तिथे वाक्य बदललं. बाइंडिंगला गेलेल्या प्रतीत ते असं आहे : ‘सदर मॉड्यूलची पट्टी, कोरी मॉड्यूलं हवी तेवढी जोडता येतील असं गृहीत धरल्यास, ट्युरिंग-कम्प्लीट रचनेवर आधारित आहे. परीक्षेत दाखवलेली पट्टी ४३ मॉड्यूलांची आहे. माइनक्राफ्टच्या जगाची हद्द, चालू चंकांची संख्या आणि यजमान संगणकाची साठवण यांमुळे कोणतीही प्रत्यक्ष पट्टी मर्यादितच राहील.’ पहिल्या एक्सटर्नल सरांना मी हा परिच्छेद पाठवला. त्यांनी फोन करून विचारलं, तीन अवस्थांचं यंत्र फक्त कंस जुळवतं, मग सार्वत्रिक कशावरून? त्यांचा मुद्दा बरोबर होता. म्हणून ‘रचनेवर आधारित’ हे शब्द राहू दिले : मॉड्यूलमधलं सर्किट बदलून त्यात सार्वत्रिक यंत्राचा तक्ता भरावा लागेल, पट्टी तीच राहील. मोजक्याच अवस्थांची आणि चिन्हांची सार्वत्रिक यंत्रं माहीत आहेत, त्यामुळे मॉड्यूल थोडं रुंद होईल एवढंच.

ते काम पुढच्या वर्षीच्या ग्रुपने मागून घेतलं आहे. पिवळ्या दिव्याची रेघ ते कमांड ब्लॉककडे नेणार आहेत, म्हणजे टेप संपली की पट्टी स्वतःच पुढचं मॉड्यूल लावून घेईल. मी त्यांना एकच अट घातली आहे : मॉड्यूल जोडलं गेल्यानंतर आधीच्या पट्टीतला एकही ठोकळा बदललेला चालणार नाही, आणि फाइली ताडून ते दर वेळी दाखवायचं.